गाडी रात्री आपोआप खटखट करते, शोरूम म्हणतं बीसीएम बदला

वाशिष्ठीकाठ
नमस्कार मंडळी. गाडी पाच दारांची, पेट्रोल, २०१८ ची. मी २०२३ मध्ये सेकंडहँड घेतली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा भलतीकडे जाईल.

जून संपल्यापासून एक विचित्र प्रकार सुरू आहे. गाडी लॉक करून घरात यावं, तर रात्री कधीतरी डॅशबोर्डच्या आतून टक-टक आवाज येतो. छतातला दिवा लागतो, विझतो, परत लागतो. मध्येच लॉकं खटाक करून उघडतात आणि थोड्या वेळाने आपली आपण बंद होतात. शेजारच्या काकूंनी परवा विचारलं, "रात्री गाडीत कोण बसलं होतं रे?" लागोपाठ दोन रात्री असं झालं की सकाळी बॅटरी बसलेली. बॅटरी चार महिन्यांपूर्वीच नवी टाकली आहे. रोज होत नाही, हीच पंचाईत. कधी आठवड्यातून दोनदा, कधी एकदाही नाही.

शोरूमला गाडी एक दिवस ठेवली, तिथे अर्थातच काही झालं नाही. स्कॅनर लावून म्हणाले, बॉडी कंट्रोल मॉड्यूल (बीसीएम) गेलंय, साडेसव्वीस हजार, शिवाय कोडिंगचे वेगळे. विचारलं, नक्की तेच का? तर म्हणाले, "बदलून बघू." हे 'बघू' माझ्या पैशांनी. बदलू का?

तिरकस_बाण
आधी गाडीखाली लिंबू-मिरची बांधा. खर्च दहा रुपये, कोडिंग लागत नाही.

नानाभाऊ
आमच्या प्रीमियर पद्मिनीला मोजके फ्यूज होते. दिवा लागला नाही तर डॅशवर चापट मारायची, लागायचा. आता दिवा लावायलाही कॉम्प्युटरची परवानगी लागते. घ्या नव्या गाड्या!

कपलर_काढ
सांगलीत वायरमनचं काम करतो, बावीस वर्षं झाली. एकच सांगतो, आत्ता बदलू नका. माझ्याकडे 'बीसीएम गेला' म्हणून आलेल्या दहा गाड्यांत आठ-नऊ वेळा बीसीएम चांगला निघतो. अर्थिंग, कपलरमध्ये (वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये) पाणी, दारातली तुटकी वायर, उंदीर, नाहीतर कोणीतरी हॉर्न-लायटिंगसाठी मूळ वायर सोलून मारलेला टॅप. जॉबकार्डवर कोड लिहिले असतील, ते टाका. 'बॉडी मॉड्यूल खराब' हे निदान नव्हे, तो अंदाज आहे.

वाशिष्ठीकाठ
@कपलर_काढ, जॉबकार्डवर दोन ओळी आहेत. एक, बॅटरी व्होल्टेज कमी. दुसरी, यू०१४० आणि पुढे 'बीसीएमशी संपर्क नाही, जुनी नोंद'.
@नानाभाऊ, चापट मारून पाहिली. फरक नाही.

प्राजक्ता_श्टुटगार्ट
मी गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सवरच काम करते, म्हणून जरा लांबण लावते.

बीसीएम म्हणजे दारं, लॉक, काचा, वायपर, हॉर्न, इंडिकेटर, आतले दिवे यांचा कारभारी. पूर्वी प्रत्येक बटणापासून प्रत्येक दिव्यापर्यंत वेगळी जाड वायर जायची. आता बटण फक्त बीसीएमला खूण करतं आणि पुढचं तो बघतो. इंजिन, एबीएस, मीटर यांच्याशी तो कॅन नावाच्या दोन पिळलेल्या वायरींवरून बोलतो. बॉशने हे १९८६ मध्ये जगापुढे मांडलं.

आता तुमचे कोड. पी म्हणजे इंजिन-गिअर, सी म्हणजे ब्रेक-स्टिअरिंग, बी म्हणजे बॉडी आणि यू म्हणजे मॉड्यूलचं आपसातलं बोलणं. यू०१४० चा अर्थ एवढाच, की दुसरं कुठलं तरी मॉड्यूल म्हणतंय, मला बीसीएमचा आवाज आला नाही. बॅटरी बसलेली असताना सेल्फ मारला, व्होल्टेज आठ-नऊपर्यंत खाली गेलं, की मॉड्यूलं क्षणभर गप्प होतात आणि उरलेली त्यांच्या नावाने तक्रार लिहून ठेवतात. म्हणजे हा कोड बॅटरी बसल्याचा परिणाम असू शकतो. शोरूमने तो कारण म्हणून वाचला.

रस्सा_एक्सप्रेस
वाचनखूण साठवली.

खारेपाटणकर
वाशिष्ठीकाठ म्हणजे चिपळूण, म्हणून विचारतो, राग मानू नका. २२ जुलै २०२१ च्या पुरात ही गाडी होती का? तेव्हाच्या कितीतरी गाड्या धुऊनपुसून बाजारात आल्या. पुढच्या सीटचा बेल्ट अगदी शेवटपर्यंत ओढून बघा, खालच्या भागात चिखलाची रेघ असेल तर समजा. सीटच्या रुळांचे बोल्ट आणि गालिच्याखालचा फोमही बघा.

वाशिष्ठीकाठ
राग कसला, घेतानाच मला ती भीती होती. गाडी साताऱ्याची होती, पुराच्या वेळी तिथेच होती. आज पुन्हा बेल्ट ओढला, स्वच्छ आहे. गालिचाही कोरडा.

उंबरठा
उंदीर! पावसात उंदरांना बोनेटसारखी ऊबदार जागा कुठे मिळणार? माझ्याकडे डांबराच्या गोळ्या ठेवल्या, तर त्यांनी गोळ्या बाजूला सारून वायरच खाल्ली.

नानाभाऊ
तंबाखूची पानं ठेवा.

तिरकस_बाण
नको, व्यसन लागेल. मग चुन्यासाठी घरात येतील.

कपलर_काढ
उंदीर असेल तर लेंड्या आणि इन्सुलेशनचा भुगा दिसतो. टॉर्च मारून बघा, पाच मिनिटांचं काम.

आता बॅटरी कोण पितंय ते मोजू. मल्टिमीटर आहे का?

१. सगळ्या दारांची कुलुपं स्क्रूड्रायव्हरने ढकलून 'बंद' करा, दारं उघडीच ठेवा. नाहीतर मोजताना आत जाता येत नाही. बोनेटला स्विच असेल तर तोही. चावी गाडीपासून लांब ठेवा, कीलेस असेल तर नक्कीच.
२. मीटर १० अँपिअरवर, लाल वायर १०ए च्या भोकात. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला, दुसरं निगेटिव्ह क्लॅम्पला लावा आणि मग क्लॅम्प काढा. आधी क्लॅम्प काढला तर सगळी मॉड्यूलं नव्याने जागी होतात.
३. अर्धा-पाऊण तास वाट बघा. मॉड्यूलं झोपायला वेळ घेतात. पहिल्या मिनिटाचा आकडा बघून ओरडू नका.
४. झोपल्यावर ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक.

मीटर जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही!

रस्सा_एक्सप्रेस
चौथ्यानंतरची सूचना मी अनुभवाने शिकलो. मीटरच्या आतला फ्यूज एकशे ऐंशी रुपयांना मिळाला, तोही तीन दुकानं फिरून नाना पेठेत.

वाशिष्ठीकाठ
मोजलं. ४० मिनिटांनी २८ मिलिअँपिअर. म्हणजे काहीच नाही. आता?

प्राजक्ता_श्टुटगार्ट
म्हणजे गाडी झोपू शकते, पण काही रात्री कोणीतरी तिला उठवतं. हा शोध वेगळा. क्लॅम्प वारंवार काढण्याऐवजी फ्यूज जागेवरच ठेवून त्याच्या डोक्यावरच्या दोन धातूच्या ठिपक्यांमध्ये मिलिव्होल्ट मोजा. करंट वाहत असेल तर थोडं व्होल्टेज दिसतं. फ्यूज उपटायचे नाहीत, उपटून परत बसवला की मॉड्यूल पुन्हा जागं होतं आणि तुमचा पुरावा गेला. ज्या रात्री टक-टक होईल, त्याच रात्री मोजा.

गडकरी_मास्तर
मी गाडीच्या तपासणीच्या सॉकेटमध्ये लावायचा चारशे रुपयांचा ब्लूटूथ डोंगल घेतला आहे, मोबाईलवर सगळं दिसतं. वाशिष्ठीकाठ यांनीही तो घ्यावा.

कपलर_काढ
@गडकरी_मास्तर, तो बहुतेक इंजिनाचे कोड दाखवतो. बीसीएमशी बोलायला कंपनीची भाषा येणारा स्कॅनर लागतो. आणि डोंगल लावून ठेवत असाल तर काढा. त्या सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनला बॅटरीचा सरळ प्लस असतो, डोंगल रात्रभर पीत बसतो.

गडकरी_मास्तर
अरेच्चा. तरीच.

वाशिष्ठीकाठ
अकरा दिवसांची नोंद ठेवली. पाऊस डोळ्यासमोर होता, कारण सगळ्यांनी पाणीच सांगितलं. पण २३ तारखेला दिवसभर धुवाधार, रात्र शांत. २६ ला उघडीप होती, तरी रात्री नाच. बायकोने वही बघून सांगितलं, "तू कराडला जाऊन आलास की होतं." तीनही वेळा खरं आहे. कंपनीच्या कामाने कुंभार्ली घाटातून जाऊन-येऊन करतो.

काल रात्री फ्यूजवर मिलिव्होल्टही पाहिले. छताचा दिवा आणि बीसीएम असलेल्या फ्यूजवर आकडा उसळतो आणि पडतो, बाकीचे गप्प. क्लॅम्प मीटर (वायरीभोवती धरून करंट मोजणारा) उसना आणून लावला, जागी असताना पावणेदोन अँपिअरच्या आसपास.

तिरकस_बाण
गाडी साताऱ्याची. कराडपर्यंत माहेरचा वारा लागला की रात्री झोप येत नाही. बाकी निदान कशाला?

उंबरठा
हा हा हा! तरी विचारतो, घाटात हादरे बसतात, लूज कनेक्शन तिथेच कुठेतरी हलत असेल.

प्राजक्ता_श्टुटगार्ट
हादऱ्यांनी झालं असतं तर चालताना दिसलं असतं, चार तासांनी उभ्या गाडीत नाही. काहीतरी हळूहळू पसरतंय किंवा झिरपतंय. कराडच्या दिवशी तुम्ही असं काय करता, जे इतर दिवशी करत नाही? अगदी क्षुल्लक असलं तरी लिहा. एसी, मोबाईल चार्जर, डिकीत सामान, काहीही.

वाशिष्ठीकाठ
डिकीत सॅम्पलची खोकी असतात. एसी रोजच. चार्जर रोजच. घाटात ट्रकच्या मागे लागलं की मागची काच चिखलाने भरते, मग वॉशर मारून वायपर फिरवतो. इथे गावात मागचा वायपर कोण वापरतं?

कपलर_काढ
थांबा!!

डिकीच्या दाराच्या वर, छत आणि दार यांच्यामध्ये काळा रबरी भाता असतो, कोपराएवढा. त्यातून डिकीच्या सगळ्या वायरी जातात: लॉक, नंबरप्लेटचा दिवा, वायपरची मोटार, दार उघडं असल्याचा स्विच. आणि बऱ्याच गाड्यांत मागच्या वॉशरची नळीही त्याच भात्यातून जाते. दार वर-खाली होतं तशी नळी आणि वायर रोज त्याच जागी वाकतात. नळीला चीर पडली, की वॉशर मारल्यावर पाणी भात्यात साठतं आणि उघड्या वायरीवर बसून राहतं.

रबर कडेने उचला आणि आत टॉर्च मारा. वायरी जोराने ओढू नका.

खारेपाटणकर
पण तसं असेल तर कोड नको का पडायला? शोरूमचा स्कॅनर लाखाचा असतो म्हणतात.

प्राजक्ता_श्टुटगार्ट
चांगला प्रश्न. बीसीएम त्या स्विचच्या वायरवर स्वतःहून थोडं व्होल्टेज लावून ठेवतो. दार उघडलं की स्विच ती वायर बॉडीला, म्हणजे अर्थला टेकवतो, व्होल्टेज शून्य होतं आणि बीसीएमला कळतं, दार उघडलं. आता सोललेली वायर ओल्या पत्र्याजवळ असेल तर पाण्यातून थोडा करंट अर्थकडे जातो, व्होल्टेज अर्धवट खाली येतं. कधी 'उघडं', कधी 'बंद'. बीसीएमच्या लेखी दार उघडणं हा दोष नाहीच! माणसं दारं उघडतातच. तो निमूटपणे जागा होतो, दिवा लावतो, लॉकबद्दल गोंधळतो. तक्रार कशाची नोंदवणार?

म्हणून अशा वेळी कोड नाही, लाइव्ह डेटा बघायचा. पाचही दारांची स्थिती पडद्यावर लावा आणि भाता हाताने हलवा. उघडं-बंद बदललं की सापडलं.

नानाभाऊ
पद्मिनीला मागे वॉशर नव्हता. एवढंच म्हणतो.

वाशिष्ठीकाठ
मंडळी, बसा.

सकाळी आधी प्रयोग केला. गाडी दोन दिवस शेडमध्ये कोरडी होती. मागचा वॉशर अर्धा मिनिट मारला, दारं लॉक केली आणि पायरीवर चहा घेऊन बसलो. बाविसाव्या मिनिटाला छताचा दिवा लागला. वडील म्हणाले, "आता कळलं, कोण बसलं होतं ते."

मग भाता उचलला. आधी वास आला. शिकेकाई! मी वॉशरच्या बाटलीत शांपूचं एक रुपयाचं पाकीट टाकतो, काच छान निघते. भात्यातून तोच वास आणि बोटाला बुळबुळीत फेस. नळीला उभी चीर, नखाएवढी. पाच वायरींचं इन्सुलेशन वाकायच्या जागी तडकलेलं. त्यातली तपकिरी-पांढरी एक तर एका बाजूने पूर्ण उघडी, तांबं काळं-हिरवं पडलेलं, तीन-चार तारांवर लटकलेली.

आणखी एक गंमत. माझ्या डॅशवरच्या मीटरमध्ये कुठलंही दार उघडं असलं तरी एकच लाल चिन्ह येतं, कुठलं दार ते कळत नाही. तेही रात्री बघायला कोण जातंय!

रस्सा_एक्सप्रेस
शिकेकाईने केस दाट होतात, करंट पातळ.

प्राजक्ता_श्टुटगार्ट
शांपूचं पाणी साध्या पावसाच्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त वीज वाहतं. आणि बुळबुळीत असल्यामुळे लवकर वाळत नाही. पावसाच्या दिवशी काही न होण्याचं कारण तेच, त्या भात्यात पाऊस शिरतच नव्हता.

कपलर_काढ
आता जोडायचं कसं ते नीट ऐका. तुटलेल्या जागीच सोल्डर मारून काळी टेप गुंडाळू नका. सोल्डर केलेली वायर ताठ होते, भाता वाकला की सोल्डरच्या काठाशी पुन्हा तुटते. दोन महिन्यांत परत याल.

भात्याच्या दोन्ही बाजूंना, वाकणाऱ्या भागाच्या बाहेर, नवीन लवचिक वायरीचा तुकडा टाका. जोड एकाच ठिकाणी नकोत, पुढे-मागे घ्या, नाहीतर गाठ होते. जाडी मूळ वायरीएवढी, मागच्या काचेच्या हीटरची आणि वायपरची जाड, स्विचची बारीक.

गडकरी_मास्तर
मी तर आजवर सोल्डरच करत आलो. कधी तुटलं नाही.

कपलर_काढ
@गडकरी_मास्तर, डॅशच्या आत, न हलणाऱ्या जागी सोल्डर उत्तम, मीही करतो. दारात आणि डिकीत नाही. मान्य नसेल तर भांडू, पण वर्षाने.

वाशिष्ठीकाठ
पाच वायरी, नवी नळी, क्रिम्प (दाबून बसवलेले) जोड आणि त्यावर गरम करून आवळणारी, आत गोंद असलेली नळी. इथल्या वायरमनने दीड तास लावला. नळीसकट ११५० रुपये झाले. शोरूमला कळवलं, ते म्हणाले, "असं होऊ शकतं सर."

उंबरठा
"असं होऊ शकतं" हे वाक्य जॉबकार्डवर छापूनच घ्यायला हवं.

खारेपाटणकर
पण बीसीएम कधीच जात नाही असंही नको व्हायला. माझ्या भावाच्या गाडीत खरंच गेला होता. विंडस्क्रीनखालच्या जाळीत आंब्याची पानं साठली, निचऱ्याचं भोक बुजलं आणि पाणी डॅशमधून सरळ त्याच्यावर. उघडला तर बोर्डावर हिरवं पीक आलं होतं.

कपलर_काढ
बरोबर. बोर्डावरचे रिले चिकटतात, पाण्याने ट्रॅक खातात, उगाच टेस्टर घुसवून लोक ट्रान्झिस्टर उडवतात. मीही बदलले आहेत. पण आधी तीन गोष्टी: बीसीएमला दोन-तीन जागांनी प्लस येतो, ते सगळे आहेत का; अर्थ चांगला आहे का; आणि कपलर ओला-हिरवा आहे का. प्लस बघताना नुसता मीटर लावू नका, २१ वॉटचा बल्ब लावून बघा. एका तारेवर लटकलेल्या वायरीतूनही मीटर बारा व्होल्ट दाखवतो, बल्ब लावला की खोटेपणा उघडा पडतो. अर्थलाही तेच, लोड चालू असताना बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीपर्यंत मोजा, ०.१ व्होल्टच्या वर गेलं तर अर्थ साफ करा. आणि पिवळ्या कपलरना हात लावू नका, ते एअरबॅगचे असतात.

प्राजक्ता_श्टुटगार्ट
यात एक भर. नव्या बीसीएममध्ये बऱ्याच दिव्यांना साधा फ्यूजच नसतो. आतला इलेक्ट्रॉनिक स्विच जास्त करंट दिसला की स्वतःच बंद होतो, कोड टाकतो, पुढच्या वेळी पुन्हा प्रयत्न करतो. लोक म्हणतात, 'आउटपुट येत नाही म्हणजे मॉड्यूल मेलं'. ते मेलेलं नसतं, पुढे कुठेतरी शॉर्ट आहे म्हणून हात आखडून बसलेलं असतं.

आणि संपर्क तुटल्याचे कोड राहिलेच, तर बॅटरी काढून त्याच डोंगलच्या सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजा. साधारण ६० ओहम हवा. १२० आला तर कॅनच्या टोकाचा एक रेझिस्टर किंवा वायर तुटलेली, शून्याजवळ आला तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटलेल्या. गेटवे (वेगवेगळ्या कॅन वायरींना जोडणारं मॉड्यूल) असलेल्या गाडीत मात्र तिथून फक्त गेटवेपर्यंतचंच कळतं.

नानाभाऊ
ताई, हे सगळं वाचलं. माझा मुलगा म्हणतो कुर्ल्याला स्वस्तात जुना बीसीएम मिळतो. घेऊन बसवता येईल?

कपलर_काढ
बसेल, चालेलच असं नाही. बऱ्याच गाड्यांत इमोबिलायझर त्याच्याशी बांधलेला असतो. चावी ओळखणार नाही आणि गाडी चालूच होणार नाही. जुळवायला कोडिंग लागतं, काही गाड्यांत जुना भाग जुळतच नाही. आणि नानाभाऊ, तुमच्या पद्मिनीला कशाला हवाय?

नानाभाऊ
तिला नको. मुलाच्या गाडीला. तिचा डावा इंडिकेटर भरभर मारतो, शोरूम म्हणतं...

कपलर_काढ
नानाभाऊ.

प्राजक्ता_श्टुटगार्ट
नानाभाऊ, मागचा बल्ब बघा.

नानाभाऊ
गेलेला आहे. वीस रुपये.